सिटिंग बुल : एका चेहऱ्याची कहाणी

आमच्या ग्रंथालयात इतिहासाच्या कपाटाच्या अगदी खालच्या फळीवर जुन्या छायाचित्रांचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे. तास बुडाल्यावर चित्रे पाहावीत म्हणून ते काढले आणि एका पानावर थांबलो. रुंद चेहरा, ओठ घट्ट मिटलेले, गालांवर खोल सुरकुत्या, खांद्यांवरून पुढे सोडलेल्या दोन वेण्या आणि त्यांना गुंडाळलेले लोकरदार कातडे. डोक्यामागे एकच पीस, ताठ उभे. चेहऱ्यावर हसू नाही आणि रागही नाही. खाली नाव होते सिटिंग बुल.

रेड इंडियन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? तंबूतल्या सिनेमात पाहिलेले, तोंडावर हात आपटून आरोळ्या ठोकणारे आणि नायकाच्या पहिल्याच गोळीने घोड्यावरून कोसळणारे लोक. शाळेच्या स्नेहसंमेलनात मीही एकदा पुठ्ठ्याच्या पट्टीला कोंबडीची पिसे चिकटवून 'रेड इंडियन' झालो होतो आणि उत्तेजनार्थ बक्षीसही मिळवले होते. ते आठवून त्या पानासमोर जरा ओशाळल्यासारखे झाले. या माणसाच्या डोक्यात तर एकच पीस होते, आणि तेही त्याला कोणी पुठ्ठ्यावर चिकटवून दिलेले नव्हते. ते त्याने चौदाव्या वर्षी मिळवले होते.

आधी नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. १४९२ साली कोलंबस निघाला होता आपल्याकडे यायला आणि पोचला भलतीकडे. त्याच्या चुकीमुळे तिथल्या लोकांना 'इंडियन' हे नाव चिकटले. 'सू' हे नावही त्यांचे स्वतःचे नव्हे. शेजारच्या जमातीने ठेवलेले नाव फ्रेंच व्यापाऱ्यांनी उचलले, त्याचे शेपूट तेवढे उरले आणि तेच सरकारी कागदांत गेले. ते स्वतःला लाकोटा, डाकोटा म्हणवतात. त्याचा अर्थ मित्र, एकमेकांचे सोबती. पश्चिमेकडच्या लाकोटांच्या सात शाखा आणि त्यांतली हुंकपापा ही एक. या शाखेत १८३१ च्या सुमारास आपल्या चरित्रनायकाचा जन्म झाला.

सुमारास म्हणायचे कारण असे की त्यांच्याकडे जन्माची नोंद नसे. मात्र काळाची नोंद होती, आणि ती चित्रांनी होती. एक हिवाळा म्हणजे एक वर्ष. जमातीतला जाणता माणूस दर वर्षाची एकच लक्षात राहील अशी घटना निवडून तिचे छोटे चित्र कातड्यावर काढून ठेवी, आणि ते चित्र हेच त्या वर्षाचे नाव होई. १८३३ च्या नोव्हेंबरात आकाशातून उल्कांचा पाऊस पडला, तो अशा जवळजवळ प्रत्येक कातड्यावर आहे. म्हणजे आपला नायक दोनएक वर्षांचा असताना तारे पडले, एवढे नक्की धरता येते. माझ्या आजीलाही वयाचा हिशेब विचारला तर ती दुष्काळापासून सांगू लागते. तिने फक्त तो कातड्यावर काढला नाही.

पोराचे पहिले नाव जंपिंग बॅजर असे होते, पण सगळे त्याला 'मंद' या अर्थाच्या नावाने हाक मारीत, कारण तो कोणतीही गोष्ट घाईने करीत नसे. हातात खाऊ दिला तरी आधी उलटसुलट करून पाहायचा. चौदाव्या वर्षी तो मोठ्यांच्या मागोमाग क्रो जमातीवरच्या स्वारीत गेला आणि शत्रूच्या एका योद्ध्याला त्याने सगळ्यांच्या आधी गाठून काठीचा तडाखा दिला. लाकोटांच्या युद्धनीतीत लांबून ठार मारण्यापेक्षा जिवंत शत्रूला जवळ जाऊन स्पर्श करणे हा मोठा पराक्रम मानला जाई. बापाला एवढा आनंद झाला की त्याने स्वतःचे नाव, ततांका इयोताके, मुलाला देऊन टाकले आणि स्वतः दुसरे नाव घेतले. ततांका म्हणजे नर बायसन. बसकण मारलेला, हलवता न येणारा बायसन, असा त्या नावाचा भाव. इंग्रजीत त्याचे 'सिटिंग बुल' झाले आणि त्यातला भाव हरवला. आपल्या कानांना तर ते गोठ्यातल्या बैलाचेच नाव वाटते.

बायसन हे त्या लोकांचे सर्वस्व होते. त्याचे मांस खायचे, कातडे तंबूला आणि पांघरायला, हाडांची हत्यारे, स्नायूंचा दोरा, शेणाच्या वाळल्या गोवऱ्या जळणाला. काही कोटी जनावरे त्या मैदानांतून हिंडत आणि माणसे त्यांच्यामागे. आपल्याकडचा धनगर मेंढरांमागे फिरतो तसे म्हणावे, तर फरक एवढाच की ही मेंढरे कोणाच्या मालकीची नव्हती.

पुढे १८५६ मध्ये क्रोंच्या एका सरदाराशी समोरासमोर झुंज झाली. सरदार पडला, पण त्याची गोळी याच्या डाव्या पायाच्या तळव्यात घुसली. जखम नीट भरली नाही आणि तो जन्मभर लंगडत चालला. छायाचित्रांत तो बहुधा बसलेला किंवा स्थिर उभा असल्यामुळे हे लंगडणे दिसत नाही. लढाईइतकेच त्याचे नाव झाले ते दानासाठी आणि व्रतांसाठी. एका लढाईत कोवळा असिनिबॉइन मुलगा हाती लागला; सोबत्यांना तो मारायचा होता, याने त्याला भाऊ मानून घरी आणले. त्या भावाने अखेरपर्यंत साथ सोडली नाही आणि शेवटच्या दिवशी त्याच्याबरोबरच तो मेला.

गोऱ्यांशी संघर्ष १८६० नंतर वाढत गेला. पूर्वेकडे मिनेसोटात डाकोटांनी उपासमारीपायी उठाव केला, तो मोडून सरकारने १८६२ च्या नाताळानंतर दुसऱ्याच दिवशी ३८ जणांना एकाच चौथऱ्यावर फासावर चढवले. त्यानंतर फौजा पश्चिमेकडे सरकल्या आणि हुंकपापांशी भिडल्या. १८६८ मध्ये फोर्ट लॅरमी येथे तह झाला. ब्लॅक हिल्स या त्यांच्या पवित्र डोंगरांसह मोठा मुलूख सू लोकांचा राहील, आणि पुढे त्यातली जमीन घ्यायची तर प्रौढ पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांच्या सह्या लागतील, असे त्यात लिहिले होते. अनेक सरदारांनी त्या कागदावर फुलीची खूण केली. सिटिंग बुलने केली नाही. त्याला वाचता येत नव्हते म्हणून नव्हे, तर मुलूख आपलाच असताना तो आपल्याला देणारे हे कोण, हा त्याचा प्रश्न होता.

इथे थोडे विषयांतर करतो. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत एक जुना कागद आहे. त्यावर आजोबांचा अंगठा आहे. तो कागद कशाचा होता हे आजोबांना शेवटपर्यंत समजले नव्हते. जमीन कमी झाल्यावर समजले. त्यामुळे तहांचा इतिहास वाचताना सर्वांत जास्त माझे लक्ष जाते ते त्या फुल्यांकडे. शूर कोण आणि भित्रा कोण हे मी त्यावरून ठरवणार नाही. फुली करणाऱ्यांच्या घरीही उपाशी पोरे होती.

१८७२ च्या ऑगस्टमधला एक प्रसंग मला फार आवडतो. यलोस्टोन नदीकाठी रेल्वेची मोजणी करणारे लोक आणि त्यांच्या रक्षणाला फौज आली होती. दोन्हीकडून गोळीबार चालू होता. तरण्या पोरांत कुजबुज होती की म्हातारा होत चाललेला सरदार आता मागे मागे राहतो. सिटिंग बुलने आपली चिलीम घेतली, दोन्ही फळ्यांच्या मधोमध, सैनिकांच्या टप्प्यात लंगडत गेला आणि गवतावर बसला. ज्याला यायचे त्याने यावे, असे त्याने हाताने सांगितले. चौघे आले. त्याने निवांतपणे चिलीम भरली, पेटवली, ओढली आणि पुढे दिली. गोळ्या भोवती माती उडवत होत्या. सगळ्यांची ओढून झाल्यावर त्याने ती कोरून साफ केली, पिशवीत ठेवली आणि सावकाश चालत परत आला. बाकीचे चौघे मात्र परत येताना धावत सुटले, आणि त्यांच्यापैकी एक जण बाण तिथेच विसरला म्हणतात. मंद मंद म्हणून चिडवलेल्या पोराचे नाव त्या दिवशी सार्थ झाले.

१८७४ मध्ये सेनाधिकारी कस्टर फौज घेऊन ब्लॅक हिल्समध्ये शिरला. बरोबर छायाचित्रकारही होता, विल्यम इलिंगवर्थ. दऱ्याखोऱ्यांतून पसरलेल्या गाड्यांच्या रांगांची त्याने काढलेली छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. त्याहून वेगाने पसरली ती सोने सापडल्याची बातमी. तह राहिला कागदावर. सरकारने ६० लाख डॉलर देऊ केले, सू लोकांनी नाही म्हटले. मग १८७५ च्या अखेरीस हुकूम निघाला की सर्वांनी ३१ जानेवारी १८७६ पर्यंत राखीव क्षेत्रात हजर व्हावे, नाहीतर शत्रू समजले जाईल. ऐन बर्फाच्या दिवसांत, बायकापोरे घेऊन, शेकडो मैल! हजर कोण होणार?

त्या जूनमध्ये सूर्यनृत्याचे व्रत झाले. सिटिंग बुलच्या दोन्ही दंडांवरून मांसाचे पन्नास पन्नास तुकडे काढण्यात आले. रक्ताळलेल्या अंगाने तो सूर्याकडे पाहत नाचत राहिला आणि शेवटी मूर्च्छित झाला. शुद्धीवर आल्यावर त्याने सांगितले की सैनिक टोळांसारखे, डोकी खाली पाय वर असे आपल्या छावणीत पडताना दिसले. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठच्या प्रचंड छावणीवर कस्टर चालून आला आणि त्याच्याबरोबरचे दोनशेहून अधिक सैनिक त्याच्यासह मारले गेले. सिटिंग बुल तेव्हा पंचेचाळिशीचा होता. तो स्वतः त्या झुंजीत पुढे नव्हता. बायकापोरांना सांभाळण्याचे काम वडीलधाऱ्या सरदाराचे, ते त्याने केले. लढाई गाजवली क्रेझी हॉर्स, गॉल अशांनी. परंतु अमेरिका आपल्या स्वातंत्र्याची शंभरी साजरी करीत असताना ही बातमी पूर्वेकडे पोचली आणि वर्तमानपत्रांना एक खलनायक हवा होता. चेहरा कोणी पाहिलेला नव्हता. त्या वेळेपर्यंत सिटिंग बुलचे एकही छायाचित्र काढले गेले नव्हते. तरी चित्रे छापून आली, आणि चित्रकारांच्या मनाला येईल तसा तो अक्राळविक्राळ झाला.

पुढचे सांगायला फारसे नाही, भोगायला मात्र फार होते. फौजांनी पाठलाग केला. १८७७ मध्ये संसदेने कायदा करून ब्लॅक हिल्स काढून घेतले. तीन चतुर्थांश सह्यांची अट होती, त्यांच्या जवळपासही सह्या नव्हत्या. सिटिंग बुल आपले लोक घेऊन सरहद्द ओलांडून कॅनडात गेला. तिथला पोलीस अधिकारी वॉल्श याच्याशी त्याची मैत्री जमली. पण मैत्रीने पोट भरत नाही. बायसनांचे कळप कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी संपवत आणले होते आणि कॅनडा सरकार शिधा द्यायला तयार नव्हते. एकेक कुटुंब परत फिरू लागले. १८८१ च्या जुलैत दोनशेपेक्षाही कमी माणसे, त्यांतही बरीच म्हातारी आणि पोरे, घेऊन तो फोर्ट बुफर्डला शरण आला. बंदूक त्याने स्वतःच्या हाताने दिली नाही. ती लहानग्या क्रो फूट या मुलाच्या हातात दिली आणि मुलाने ती अधिकाऱ्याच्या हवाली केली.

शरणागतीनंतरच त्याचे पहिले छायाचित्र निघाले. ओरलँडो गॉफ या छायाचित्रकाराने ते १८८१ मध्ये काढले. तो पन्नाशीला आलेला होता. म्हणजे घोड्यावरचा सिटिंग बुल, मैदानात चिलीम ओढणारा सिटिंग बुल आपल्याला कधीच दिसत नाही. आपल्याला जो दिसतो तो सगळा हरल्यानंतरचा. पुस्तकातला तो मिटलेल्या ओठांचा चेहरा पुन्हा पाहिला तेव्हा हे ध्यानात आले आणि मग ते चित्र मला आधीसारखे राहिले नाही.

पण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कॅमेऱ्याच्या आधी त्याने स्वतःचे चित्र स्वतःच काढले होते. लाकोटा योद्धे आपले पराक्रम कातड्यावर चितारून ठेवीत. पुढे गोऱ्यांचे कागद मिळू लागले, तेव्हा ते त्यांवर चितारू लागले. सिटिंग बुलच्या अशा चित्रांची, त्याचा चुलता फोर हॉर्न्स याने फौजेच्या हजेरीपटाच्या कागदांवर केलेली नक्कल १८७० मध्ये किंबॉल नावाच्या लष्करी डॉक्टरच्या हाती लागली. त्या चित्रांत घोडा मोठा, धावता, चारही पाय ताणलेले. स्वार बाजूने दिसतो. त्याच्या ढालीवर पक्षी. त्याच्या डोक्यावरून एक रेघ वर जाते आणि रेघेच्या टोकाला एक छोटा बसलेला बायसन. तीच सही. पार्श्वभूमी नाही, डोंगर नाही, आकाश नाही. काय घडले आणि कोणी केले एवढेच. आपल्या वारली चित्रांत माणसे दोन त्रिकोणांनी उभी राहतात, तशी इथे एका रेघेने माणसाचे नाव उभे राहते.

शरण आल्यावर त्याला ठरल्याप्रमाणे आपल्या लोकांत न ठेवता फोर्ट रँडॉल येथे सुमारे दीड वर्षांहून अधिक काळ कैदेत ठेवले. तिथे क्रोनाऊ नावाचा जर्मन चित्रकार आला आणि त्याने त्याची चित्रे रेखाटली. १८८२ मध्ये सिटिंग बुलने तिथेच पुन्हा आपला जीवनपट कागदांवर काढून ओळखीच्या गोऱ्यांना दिला. त्यांत घोडे पळवण्याचे पराक्रम आहेत, इतर जमातींशी चकमकी आहेत, पण कस्टर नाही. ज्या एका लढाईसाठी जग त्याला ओळखत होते, ती त्याने काढली नाही. कैदेत असलेल्या माणसाचा तो शहाणपणा असेल, किंवा ती लढाई त्याला स्वतःची वाटत नसेल. बसलेल्या बायसनाच्या जागी आता इंग्रजी अक्षरांतली सही आली. लिहिता-वाचता येईना तरी तो आपले नाव लिहायला शिकला होता. ही चित्रे पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जतन झाली.

मग चेहऱ्याची किंमत सुरू झाली. गॉफचा शागीर्द डेव्हिड बॅरी याने काढलेली त्याची छायाचित्रे घरोघर गेली. एका प्रसिद्ध चित्रात त्याच्या गळ्यात क्रूस आहे. तो ख्रिस्ती कधीच झाला नाही, क्रूस मात्र घातला. १८८५ च्या जूनमध्ये 'बफेलो बिल' कोडी याने त्याला आपल्या 'वाइल्ड वेस्ट' खेळात घेतले. आठवड्याला ५० डॉलर, वर १२५ डॉलर बक्षीस. आणि करारात एक कलम सिटिंग बुलने आग्रहाने घालून घेतले, की आपली छायाचित्रे आणि सह्या विकण्याचा हक्क फक्त आपला राहील. हे वाचून मला त्याच्याविषयी जो आदर वाटला, तो लढायांच्या वर्णनांनीही वाटला नव्हता. मुलूख गेला, घोडे गेले, बंदूक गेली. चेहरा तेवढा उरला होता, तर त्याचा तरी भाव आपण ठरवू!

चार महिने तो गावोगाव हिंडला. घोड्यावरून रिंगणात एक फेरी मारायची, एवढेच काम. काही गावांत लोक हुर्यो करीत, कस्टरचा मारेकरी म्हणून शिव्या देत, आणि खेळ संपल्यावर तेच लोक पैसे मोजून त्याची सही घेत. कॅनडात माँट्रिअल येथे नॉटमन यांच्या चित्रशाळेत कोडीबरोबर त्याचे छायाचित्र निघाले. तिथे मात्र डोक्यावर पिसांचा तो भरगच्च मुकुट आहे. कोडी एखाद्या नटासारखा दूरवर नजर लावून उभा आहे, आणि सिटिंग बुल नुसता उभा आहे. खेळातली नेमबाज ॲनी ओक्ली हिला त्याने मुलगी मानले होते. मिळालेला पैसा फार दिवस टिकला नाही. शहरांत फाटक्या कपड्यांची उपाशी पोरे दिसत, त्यांना तो नाणी वाटी. एवढ्या श्रीमंत लोकांच्या गावात पोरे उपाशी कशी, हे कोडे त्याला अखेरपर्यंत सुटले नाही. मला तरी कुठे सुटले आहे?

त्या हंगामानंतर तो स्टँडिंग रॉक राखीव क्षेत्रात ग्रँड नदीकाठी आपल्या लाकडी घरी परतला. कोंबड्या पाळल्या, गुरे पाळली, शेती केली, मुलांना शाळेत घातले. तरीही तिथला सरकारी एजंट मॅक्लॉफलिन याला तो डोळ्यांत सलत असे, कारण लोक अजून आधी त्याच्याकडे जात. १८८९ मध्ये सरकारने पुन्हा जमिनीसाठी सह्या गोळा केल्या. सिटिंग बुलने विरोध केला, पण या वेळी सह्या भरल्या. सुमारे ९० लाख एकर मुलूख गेला आणि उरलेल्याचे तुकडे पडले. पाठोपाठ शिधा कापला गेला, पिके करपली, साथी आल्या.

त्याच सुमारास ब्रुकलिनहून कॅथरीन वेल्डन नावाची एक बाई आली. इंडियनांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या मंडळाची ती सभासद आणि चित्रकार. सह्यांच्या प्रकरणात तिने त्याच्या वतीने पत्रे लिहिली आणि त्याची तैलचित्रे रंगवली. वर्तमानपत्रांनी तिच्याविषयी नाही नाही ते लिहिले. एकटी बाई परक्या माणसाच्या घरी राहते म्हटल्यावर जगाच्या पाठीवर कुठेही जे लिहिले जाईल तेच.

१८९० मध्ये पश्चिमेकडून एक नवा पंथ आला. नेवाडातल्या वोवोका या पैयूत जमातीच्या माणसाला दृष्टांत झाला होता की ठराविक नाच नाचत राहिले तर मेलेले आप्त परत येतील, बायसन परत येतील, जुने जग परत येईल. याला 'घोस्ट डान्स' म्हणतात. पितरांचा नाच म्हणू. त्याची शिकवण लढाईची नव्हती. परंतु उपाशी लोक बर्फात रात्रंदिवस नाचत आहेत हे पाहून अधिकाऱ्यांना धडकी भरली. सिटिंग बुलच्या वस्तीवरही नाच सुरू झाला. वेल्डनबाईंनी हा नाच थांबव, सरकारला निमित्त मिळेल, असे परोपरीने विनवले. ऐकले जात नाही असे पाहून त्या निघून गेल्या, आणि वाटेत त्यांचा मुलगा दगावला. जुना मित्र कोडी समजूत घालायला येत होता, त्याला मॅक्लॉफलिनने वाटेतच परत फिरवले.

१५ डिसेंबर १८९० च्या पहाटे सुमारे ४३ इंडियन पोलीस त्याला पकडायला आले. पोलीस म्हणजे त्याच्याच जमातीचे, सरकारी पगारावरचे लोक. लेफ्टनंट बुल हेड पुढे होता. आधी तो यायला तयार झाला, कपडे घालू लागला. बाहेर गर्दी जमली, बायका आकांत करू लागल्या. सतरा वर्षांच्या क्रो फूटने बापाला टोमणा मारला आणि सिटिंग बुल दारात थबकला. आपण येणार नाही, असे त्याने सांगितले. त्याच्या बाजूच्या कॅच द बेअर याने गोळी झाडली, ती बुल हेडला लागली. पडता पडता बुल हेडने सिटिंग बुलच्या छातीत गोळी घातली, मागून रेड टोमाहॉकने डोक्यात घातली. काही मिनिटांत दोन्हीकडची डझनभराहून अधिक माणसे गेली. ज्या क्रो फूटने लहानपणी बापाची बंदूक सैनिकांच्या हाती दिली होती, त्याला खाटेखालून ओढून काढून ठार केले.

टोमाहॉक म्हणजे कुऱ्हाड. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण आपल्या ओठांवर लगेच येते. पण दांडा तरी कोणाचा? त्या पोलिसांनाही घरदार होते, त्यांचेही निम्मे आप्त पलीकडच्या गर्दीत होते, आणि त्यांच्यातलेही अनेक जण मेले. कुऱ्हाड कोणाच्या हातात होती, हे म्हणीत येत नाही.

घराच्या भिंतीवर वेल्डनबाईंनी रंगवलेले सिटिंग बुलचे चित्र टांगलेले होते. झुंजीनंतर एका पोलिसाने, ज्याचा भाऊ नुकताच मेला होता, ते बंदुकीने फाडले. एका सेनाधिकाऱ्याने ते त्याच्या हातून सोडवले आणि घरातल्या बायकांना दोन डॉलर देऊन विकत घेतले. आज ते नॉर्थ डाकोटाच्या राज्य इतिहास संस्थेकडे आहे. ते लाकडी घरही उचलून १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात नेण्यात आले आणि लोकांनी तिकीट काढून ते पाहिले.

दोन आठवड्यांनी, २९ डिसेंबरला, वूंडेड नी येथे फौजेने बिग फूटच्या तांड्यातली अडीचशेहून अधिक माणसे मारली. त्यांत बायका आणि पोरे फार. बर्फात गोठलेल्या प्रेतांची छायाचित्रे ट्रेगर नावाच्या छायाचित्रकाराने काढली आणि ती विकली गेली. त्या पुस्तकात त्यांतले एक आहे. ते पान मी एकदाच पाहिले.

मग हे लोक हरल्यावर त्यांची चित्रे सगळ्यांना हवीशी झाली. १८९९ च्या पाच डॉलरच्या नोटेवर रनिंग अँटिलोप या हुंकपापा सरदाराचे चित्र आले, तेही दुसऱ्याच जमातीचा मुकुट घालून. सिटिंग बुलवर गोळी झाडणाऱ्या रेड टोमाहॉकच्या चेहऱ्याची आकृती नॉर्थ डाकोटाच्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर अनेक दशके होती. २०१६ पासून ती बदलण्यात येऊ लागली. ब्लॅक हिल्सच्या कड्यात १९२७ ते १९४१ या काळात चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरले गेले. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते डोंगर अन्यायाने घेतले गेले असा निकाल दिला आणि दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरली. सू लोकांनी ती घेतली नाही. व्याजासह ती कितीतरी पट वाढत गेली आणि पडून राहिली. त्या लोकांतली बरीच कुटुंबे गरीब आहेत. तरी पैसे उचलले नाहीत, कारण पैसे घेतले म्हणजे फुली केली.

सिटिंग बुलला फोर्ट येट्स येथे पुरले होते. १९५३ मध्ये काही नातेवाइकांनी अवशेष काढून दक्षिणेला मोब्रिजजवळ नेले. दोन्ही जागी आज त्याच्या नावाचा दगड आहे. मृत्यूनंतर लष्करी डॉक्टरने त्याच्या वेणीतले केस कापून घेतले होते. ते स्मिथसोनियनने २००७ मध्ये त्याच्या पणतूला परत केले. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या केसांवरून पणतूचे नाते सिद्ध केले. तपासणीसाठी केस थोडेच लागले. उरलेले बहुतेक केस पणतूने त्याआधीच धार्मिक विधी करून अग्नीत अर्पण केले होते.